उतरलेली पट्टी

२७ एप्रिल २०१८. शुक्रवार होता. मी मेथी निवडत बसले होते आणि स्टॉकहोमहून मैत्रिणीचा फोन आला. ती चक्क रडत होती. माझ्या पोटात गोळाच आला. "अगं, कुणाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "अ‍ॅबानं दोन नवी गाणी रेकॉर्ड केलीत. चौघांनी. एकत्र बसून." अ‍ॅबा म्हणजे स्वीडनचा चौघांचा पॉप गट, दोन गायिका आणि दोन संगीतकार; पस्तीसेक वर्षं त्यांचं नवं काही आलं नव्हतं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

आमची मैत्री सांगलीतल्या एका वाड्यातली. तिला खरा रंग चढला तो एका कॅसेटमुळे. माझा मावसभाऊ तेव्हा दुबईला नोकरीला होता. १९८०च्या दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा साबणं, सेंट आणि टॉर्च यांच्याबरोबर दादासाठी त्यानं टीडीकेची एक कॅसेट आणली, कुणाकडून तरी भरून घेतलेली. तिच्यावर निळ्या बॉलपेननं देवनागरीत लिहिलं होतं 'आबा'. आमच्या आजीनं विचारलं होतं, "कुठल्या आबांचं कीर्तन रे?"

शाळेत इंग्रजी होतं, पण गाण्यातलं इंग्रजी कानाला कळत नसे. मग मी आणि मैत्रीण टेपरेकॉर्डरला चिकटून बसायचो. एक ओळ ऐकायची, खटकन बटण दाबायचं आणि जे ऐकू आलं ते देवनागरीत वहीत उतरवायचं. पुन्हा मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. फीत मागे पळताना जो चिवचिवाट व्हायचा, तो मला अजून त्या गाण्यांचाच भाग वाटतो. 'चिकितीता' या गाण्यातला तो शब्द आम्ही चार प्रकारांनी लिहिला होता. तो स्पॅनिश आहे, लाडानं 'छोटुकली' म्हणावं तसा, हे कितीतरी वर्षांनी कळलं. जानेवारी १९७९ मध्ये न्यू यॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात युनिसेफसाठी त्यांनी ते गायलं होतं आणि त्याच्या रॉयल्टीतला वाटा मुलांसाठी देऊन टाकला होता. आम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन बायका एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळून कुणाची तरी समजूत काढताहेत, एवढं मात्र वाड्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीतसुद्धा पोचत होतं.

एक आणखी ठाऊक नव्हतं. आम्ही ही गाणी पाठ करत होतो तेव्हा त्या चौघांचे, म्हणजे गटातल्या दोन जोडप्यांचे, दोन्ही संसार मोडत होते. अग्नेथा आणि बियॉर्न १९७८च्या नाताळच्या सुमारास वेगळे झाले, १९८० मध्ये घटस्फोट झाला. फ्रीडा आणि बेनी त्याच्या पुढच्या वर्षी. १९८१च्या नोव्हेंबरात 'द व्हिजिटर्स' हा अल्बम आला. त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो स्टॉकहोममधल्या स्कान्सेनच्या आवारात एका जुन्या चित्रकाराच्या स्टुडिओत काढलेला आहे. तांबूस अंधारी खोली, भिंतीवर पंख असलेल्या इरॉसचं मोठं चित्र आणि चौघं चार ठिकाणी, कुणी कुणाजवळ नाही. १९८२च्या डिसेंबरात बीबीसीच्या एका कार्यक्रमात ते दिसले आणि मग दिसले नाहीत. 'आम्ही थांबलो' असं मात्र त्यांनी कधीच जाहीर केलं नाही. घरातून कुणी नुसतं "येतो" म्हणून बाहेर पडावं तसं झालं. असा माणूस परत येईल असं वाटत राहतं.

मधल्या काळात परत येण्याची बोलावणी कमी आली नाहीत. २००० साली तर परत दौरा करा म्हणून शंभर कोटी डॉलर देऊ केले गेले होते. चौघांनी नाही म्हटलं. त्या नकाराचा आम्हाला केवढा अभिमान होता! मावसभाऊ म्हणायचा, पैशाला नाही म्हणणारी माणसं होती म्हणूनच तशी गाणी झाली.

त्यामुळे २०१८च्या त्या शुक्रवारी आनंद झाला तसा धसकाही बसला. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "कशाला?" एवढंच. मग थोडं थांबून, "अगं, अग्नेथा अडुसष्टची आहे. फ्रीडा बहात्तरची. ते वरचे सूर आता कुठून येणार? आहे ते राहू दे की तसंच." दादा पेटी वाजवतो. माणसाच्या गळ्याचं वय त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

तिथून आमच्या चौघांची चर्चा सुरू झाली. मी पुण्यात, दादा सांगलीत, मावसभाऊ आता नागपूरला, मैत्रीण स्टॉकहोमला. पन्नाशी-साठीची माणसं आम्ही, पण रोज रात्री फोनवर एकच विषय. हातात होतं काय? एका गाण्याचं नाव, 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'. आणि एक आश्वासन, की डिसेंबरात बीबीसी आणि एनबीसीवर एक कार्यक्रम होईल आणि त्यात अ‍ॅबाच्या चौघांची संगणकावर घडवलेली रूपं हे गाणं गातील. दुसऱ्या गाण्याचं तर नावही नाही. त्या एका नावावर आम्ही महिनेच्या महिने काढले. 'यू' म्हणजे कोण? एकमेकांना म्हणताहेत की आपल्याला? मैत्रीण म्हणायची फ्रीडाच गाणार, कारण विश्वास हा शब्द पेलायला तिच्याएवढं सोसलेलं दुसरं कोण आहे? १९९८ मध्ये तिची मुलगी अपघातात गेली आणि १९९९ मध्ये तेव्हाचा नवरा कॅन्सरनं. मैत्रिणीचा अंदाज खरा ठरला, पण तो कळायला तीन वर्षं जावी लागली.

डिसेंबर आला आणि गेला. कार्यक्रम झाला नाही. २०१९ गेलं. मग २०२० आणि महामारी. मोठमोठे कलाकार अल्बमच्या आधी रोज एक झलक सोडतात, मुलाखती देतात, फोटो टाकतात. इथे मात्र मधूनच बियॉर्न किंवा बेनी कुणाशी तरी बोलताना दोन वाक्यं टाकायचे, की दोन नाही पाच गाणी झालीत, की पुढच्या वर्षी. तेवढ्यावर आम्ही पुढचे सहा महिने जगायचो. मला आजही वाटतं, त्या अल्बमची सगळ्यात मोठी जाहिरात त्या शांततेनंच केली. जाहिरात म्हणून केली नसेल, पण वाट पाहता पाहता आम्ही जुनी गाणी नव्यानं ऐकली. वाड्यातली वही माळ्यावरून काढली. तिच्यातल्या चुका एकमेकांना वाचून दाखवल्या. दादानं चाळीस वर्षांनी पेटीवर त्या सुरावटी पुन्हा बसवल्या. एकमेकांची आजारपणं, लॉकडाऊन, मावसभावाच्या सासऱ्यांचं जाणं, हे सगळं त्याच बोलण्यात मिसळून गेलं.

मैत्रिणीनं त्या काळात एक नेम धरला होता. बेनीचा स्टुडिओ शेपस्होल्मेन नावाच्या बेटावर आहे, शहराच्या मधोमध, अगदी पाण्याला लागून. रविवारी ती तिथून चक्कर मारायची. आत जायची सोय नाही आणि तिला जायचंही नव्हतं. बंद दाराचा एक फोटो काढून ती आम्हाला पाठवायची. कधी बर्फ, कधी ऊन, दार तेच. तिथून बोटीनं पलीकडे गेलं की यूरगॉर्डन, जिथे २०१३ मध्ये अ‍ॅबाचं संग्रहालय उघडलं. त्यात एक लाल टेलिफोन ठेवलाय. त्याचा नंबर फक्त त्या चौघांकडे आहे. वाजला तर जवळ असेल त्यानं उचलायचा. ती म्हणायची, "मी त्याच्याजवळ उगाच दहा मिनिटं उभी राहते गं. वाजायला हवा असं नाही. पण आपण जवळ असावं."

२ सप्टेंबर २०२१. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. लंडनहून थेट प्रक्षेपण होतं आणि आम्ही चौघं चार घरांत फोन कानाला लावून बसलो होतो, म्हणजे कुणालाच काही नीट ऐकू येईना. शेवटी दादा ओरडला, "फोन ठेवा सगळे, गाणं ऐका!" अल्बमचं नाव 'व्हॉयेज', दहा गाणी, तारीख ५ नोव्हेंबर. दोन गाणी लगेच ऐकायला मिळाली. शिवाय लंडनच्या ऑलिंपिक पार्कमध्ये तीन हजार माणसांचं खास नाट्यगृह उभं राहणार आणि मे २०२२ पासून तिथे ती संगणकावरची रूपं, म्हणजे त्यांचे 'अवतार', गाणार.

त्या अवतारांवरून आमच्यात जे वाजलं, ते मी विसरणार नाही. अ‍ॅबाच्या चौघांनी अंगाला चिकटणारे, जागोजागी ठिपके लावलेले पोशाख घालून पाच आठवडे गाऊन-नाचून दाखवलं. भोवती १६० कॅमेरे. त्यासाठी बियॉर्न आणि बेनीनं दाढ्या काढल्या. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीनं त्या हालचालींवर १९७९ सालचे चेहरे चढवले. सगळीकडे झळकली ती प्रामुख्यानं हीच चित्रं, तिशीतली, तुकतुकीत, एकही सुरकुती नसलेली. मावसभाऊ खूश होता. "अरे, आपल्याला ते तसे कधी बघायला मिळाले? आता तरी मिळतील." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगलीच्या पोराला स्टॉकहोम-लंडन कुठलं दिसणार होतं १९७९ साली?

माझं मन मात्र तिथे अडलं. अवतार हा शब्द आपला. अवतरणं म्हणजे खाली उतरून येणं. देव अवतार घेतो तेव्हा मरणाच्या, म्हातारपणाच्या या जगात उतरतो, गर्भवास सोसतो, बाण लागून देह ठेवतो. इथे तर माणसांना उलट दिशेनं वर नेऊन काचेत ठेवायचं चाललं होतं. आणि त्याच दिवशी दिलेल्या गाण्यात जो आवाज होता, तो मात्र खरोखर खाली उतरलेला होता. फ्रीडा अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी सुरुवात करते. शब्दाच्या टोकाशी श्वास ऐकू येतो. त्या रात्री चित्रातला चेहरा तिशीतला आणि आवाज सत्तरी ओलांडलेला, असं ते एकावर एक आलं आणि मी चित्र बंद करून नुसतं गाणं लावलं.

अल्बमचं मुखपृष्ठ आलं तेव्हा मला बरं वाटलं. त्याआधीच्या आठही स्टुडिओ अल्बमांवर ते चौघं आहेत, फोटोत नाहीतर रेखाटनात. 'व्हॉयेज'वर कुणीच नाही. काळोखात एक गोल आणि त्याच्या कडेला उजेडाची चंद्रकोरीसारखी रेघ. मैत्रिणीला तो सूर्योदय वाटला, दादाला ग्रहण. मला वाटलं, निदान इथे तरी खोटा चेहरा लावला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला, विशेषतः आम्हा दोघींना, फार लागली होती. मुलाखतींना पुढे आले ते बियॉर्न आणि बेनी. अग्नेथा आणि फ्रीडा जवळजवळ बाहेर पडल्याच नाहीत. सुरुवातीला तर लेखी दोन-चार ओळी, बस्स. मला आधी राग आला होता, की गाणाऱ्या बायका आणि बोलणारे पुरुष! मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यांनी मागूनच घेतलं असणार. गाऊ, पण पुन्हा ते फोटो, ते प्रश्न, संसाराबद्दलचं उकरणं नको. जे द्यायचं ते माईकसमोर देऊन झालं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सत्तरीतल्या बाईनं आपल्या अटींवर काम करावं, याहून मोठं आम्हाला तरी काय हवं होतं?

आता पट्टीचं, म्हणजे गाणं किती वरच्या सुरात धरायचं त्याचं, सांगते, कारण त्यावरच आमचं खरं भांडण झालं.

आई आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात गाते. दादा साथीला पेटीवर. ऐन उमेदीत ती काळी पाचमध्ये, म्हणजे चढ्या पट्टीत, गायची, आवाज मंदिराच्या कळसापर्यंत जायचा असं बायका म्हणायच्या. पासष्टीच्या आसपास एका एकादशीला अभंगाच्या अंतऱ्यात वरचा सूर लागलाच नाही. आवाज फाटला. ती तशीच थांबली, मंडळानं सावरून घेतलं. घरी येऊन कुणाशी बोलली नाही. दोघी-तिघींनी गोड शब्दांत सुचवलंसुद्धा, की आता तुम्ही मागे टाळ धरा. पुढच्या गुरुवारी तिनं दादाला सांगितलं, "काळी तीन धर." दादाचा हात पेटीवर घुटमळला. तिनं तोच अभंग खाली घेतला. तो अभंग मी शंभर वेळा ऐकला असेन, पण त्यातले शब्द मला त्या दिवशी कळले. वर जाण्याची घाई नव्हती. एका शब्दावर ती रेंगाळली, पुन्हा तोच शब्द घेतला, मग पुढे गेली. समोर बसलेल्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला.

दादानं ती दोन गाणी ऐकल्यावर फोन केला तेव्हा त्याचा पहिला शब्द हाच होता. "पट्टी उतरवलीय गं." सुरात निराशा होती. मी म्हटलं, "आईनं उतरवली तेव्हा तूच पेटी धरली होतीस ना?" तो बराच वेळ गप्प. "आईचं वेगळं," म्हणाला. "का वेगळं?" आम्ही त्या रात्री खरंच भांडलो. पंधरा दिवस त्यानं या विषयावर फोन केला नाही.

२२ ऑक्टोबरला तिसरं गाणं आलं, 'जस्ट अ नोशन', आणि त्यानं प्रश्न अधिकच तीव्र केला. हे गाणं नवं नव्हतं. दोघींचे आवाज सप्टेंबर १९७८चे. तेव्हा बाजूला ठेवून दिलं होतं. १९९४ साली त्याचा एक तुकडा जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संचात बाहेर आला होता आणि चाहते तेव्हापासून पुरं गाणं मागत होते. आता त्या जुन्या आवाजांना बेनीनं नव्या वाद्यमेळाची साथ दिली. अवतार उलटा झाला म्हणायचा, आवाज तरुण आणि साथ आजची. अल्बमच्या क्रमात ते पाचवं. चौथं 'डोन्ट शट मी डाउन', उतारवयातल्या अग्नेथाचं. म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मधल्या दोन-तीन सेकंदांत चाळीसेक वर्षं मागे जायचं. दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याचं मला फार कौतुक वाटलं. त्यांनी काही लपवलं नाही.

अल्बम आला त्या ५ नोव्हेंबरला आपल्याकडे दिवाळीचा पाडवा होता. आकडे पुढे यायचे होते. एकट्या ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात दोन लाखांवर प्रती गेल्या, त्यातही बहुतेक हातात धरता येणाऱ्या, सीडी, तबकड्या आणि हो, कॅसेटसुद्धा. मैत्रिणीनं माझ्यासाठी कॅसेटच घेऊन ठेवली. पण ते नंतरचं. पाडव्याला मी सांगलीत होते, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अभ्यंगस्नान, ओवाळणं झालं, फराळाची ताटं आवरली. दादा काही न बोलता आतल्या खोलीतून मुलाचा स्पीकर घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. "लाव," म्हणाला.

आम्ही पहिल्यापासून ऐकत गेलो. 'कीप अ‍ॅन आय ऑन डॅन' लागलं, वेगळे झालेले आईबाप पोराला एकमेकांच्या हवाली करतात ते गाणं, आणि शेवटी पियानोवर त्यांच्याच जुन्या 'एस ओ एस'ची ती ओळखीची सुरावट उमटली, तेव्हा दादानं मांडीवर बोटं चालवली. चाळीस वर्षांपूर्वी चालायची तशीच. डोळे त्यानं माझ्याकडे वळवले नाहीत.

पण सांगायचंय ते त्याच्या आधीचं. चौथं गाणं चालू असताना आई पणत्यांच्या वाती वळत दारात येऊन बसली. ऐंशीची आहे ती आता. इंग्रजी तिला येत नाही. तिनं पुरं गाणं ऐकलं, वात हातात धरून. मग पाचवं सुरू झालं, १९७८चं, उसळतं, लखलखीत. आईनं मान वर केली.

"ही कोण? तिची मुलगी का?"

"नाही गं," मी म्हटलं. "तीच आहे. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची. आणि बरोबर तिची जोडीदारीण."

आईनं थोडा वेळ ऐकलं. वात वळून झाली होती, ती तिनं ताटात ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ते आधीचं परत लाव."

दादानं उठून लावलं.